एकच हार्ड डिस्क, एक मॅक, एक विंडोज: पार्टिशन आणि बॅकअप कोणत्या क्रमाने करायचा

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. "ताई, नवीन मॅकला घरातली हार्ड डिस्क लावली. त्याने बॅकअपसाठी वापरू का विचारलं, मी हो म्हटलं. आता दादाच्या लॅपटॉपवर डिस्क उघडतच नाहीये." त्या डिस्कवर घरातले पाच वर्षांचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

अशा डिस्क माझ्याकडे वरचेवर येतात आणि चूक जवळजवळ नेहमी एकच असते: कामं बरोबर, क्रम उलटा. आधी बॅकअप चालू केला जातो, मग पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग पाडणं, आठवतं, आणि जुना डेटा बाहेर काढायला हवा होता हे सगळ्यात शेवटी लक्षात येतं. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यापासून बरेच जण मशीन बदलतायत आणि घरात एक विंडोज, एक मॅक अशी जोडी होते. डिस्क मात्र एकच राहते.

पुढची कृती 2 टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, 256 जीबीचं मॅकबुक आणि 512 जीबीचा विंडोज लॅपटॉप धरून लिहिली आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा. सुट्टीचा एक पूर्ण दिवस हाताशी असू द्या आणि दोन्ही मशीन चार्जरला लावूनच बसा. लाइट जाते अशा भागात डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय करू नका.

## 1. डिस्क आधी रिकामी करा, पण कट-पेस्टने नाही

पार्टिशन पाडताना डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे. "थोडाच डेटा आहे, तो ठेवून बाजूला पार्टिशन करता येईल का?" असं हमखास विचारलं जातं. काही वेळा करता येतं, पण घरच्या फोटोंवर तो प्रयोग करू नका.

डिस्कवरचं सगळं दुसऱ्या जागी कॉपी करा. लॅपटॉपवर जागा असेल तर तिथे, नाहीतर दोन दिवसांसाठी कोणाची तरी डिस्क मागून आणा. कट-पेस्ट करू नका. कट करताना केबल हलली तर अर्ध्या फाइल इकडे, अर्ध्या तिकडे अशी गत होते आणि कोणत्या पूर्ण आहेत ते कळत नाही. कॉपी करताना मूळ प्रत जागेवर राहते.

कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइलची संख्या आणि 'साइज'मधला बाइट्सचा आकडा दोन्हीकडे सारखा हवा. शेजारचा 'साइज ऑन डिस्क' वेगळा दिसला तर घाबरू नका, तो फॉरमॅटप्रमाणे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीप्रमाणे, बदलतो. मग दहा-बारा फाइल उघडून बघा: एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत, एखादी पीडीएफ, एखादी झिप.

डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम, करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये बसवलेल्या पत्रिका, अहवाल, पुस्तकं असतील तर ते फाँटही त्याच फोल्डरात कॉपी करा. फाइल वाचली आणि फाँट गेला, तर उघडल्यावर समोर येतो तो नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. युनिकोड मजकुराला हा धोका नाही.

तपासणी: जिथे कॉपी केलीत ती जागा आणि ही डिस्क एकच तर नाही ना? हसू येईल, पण डिस्कवरचा फोल्डर त्याच डिस्कवर "बॅकअप" नावाने कॉपी केलेला मी पाहिला आहे.

## 2. डिस्कची तब्येत बघा

आजारी डिस्कवर पार्टिशन पाडण्यात अर्थ नाही. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळं 'गुड' दिसलं तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' दिसलं तर ती डिस्क बॅकअपच्या कामाची राहिली नाही, मग ती वरून कितीही नवी दिसो. मॅकवर यूएसबी डिस्कची ही माहिती सहसा दिसत नाही, म्हणून तपासणी विंडोजवरच करा.

टक-टक आवाज येत असेल तर डिस्क लगेच काढा. आवाज नाही, पण डिस्क मध्येच जोडली-तुटली जाते, असं असेल तर आधी केबल बदला. पोर्टेबल डिस्कच्या बाजूचं ते रुंद, दोन खणांचं टोक वापरून वापरून सैल होतं. डिस्क जरा हलवली की दिवा विझतो, ती खूण. बिघडली म्हणून आलेल्या कितीतरी डिस्क नुसती केबल बदलल्यावर नीट चालल्या आहेत.

## 3. जागेचा हिशेब कागदावर

हे वाचकांना कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच चुकतं. एकदा पाडलेल्या पार्टिशनचा आकार नंतर बदलणं या मांडणीत फार कटकटीचं आहे. एक्सफॅट (मॅक आणि विंडोज दोघांना चालणारा फॉरमॅट) भाग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करता येत नाही आणि मोठाही करता येत नाही. एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) वाढवायचा तर रिकामी जागा त्याच्या लगेच पुढे, अगदी चिकटून असावी लागते. म्हणून विचार आत्ता करा.

एकाच डिस्कचे तीन भाग का हवेत? कारण दोन मशीनच्या भाषा वेगळ्या आहेत. टाइम मशीन ही मॅकमधलीच बॅकअपची सोय; ते 2020 च्या बिग सर या मॅकओएस आवृत्तीपासून नवा बॅकअप एपीएफएस या ॲपलच्या फॉरमॅटवर घेतं आणि विंडोजला एपीएफएस वाचता येत नाही. विंडोजसाठी एनटीएफएस सगळ्यात भरवशाचं, पण मॅक ते फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही. दोघांनाही वाचता-लिहिता येईल असं एक्सफॅट आहे, पण त्यावर टाइम मशीन चालत नाही. जुनं एफएटी32 घेऊ नका. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओची फाइल सहज त्याहून मोठी असते.

2 टीबीची माझी वाटणी अशी:

- मॅकच्या टाइम मशीनला 600 जीबी. बॅकअपची जागा मॅकच्या स्टोरेजच्या किमान दुप्पट ठेवा असं ॲपल सुचवतं. 256 ची दुप्पट 512, वर थोडी सैल जागा.
- विंडोजला 800 जीबी. फाइल हिस्ट्री ही विंडोजमधली बॅकअपची सोय फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साठवते, त्यामुळे वापरलेल्या जागेच्या दुप्पट-अडीचपट धरा.
- उरलेले 600 जीबी दोघांना सामायिक, फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी.

मॅक जीबी मोजताना हजाराचा हिशेब धरतो, विंडोज 1024 चा. त्यामुळे हीच 2 टीबी विंडोजवर 1863 जीबी दिसेल आणि 800 चा भाग 745. जागा चोरीला गेलेली नाही, डिस्क बनावट नाही. बनावट डिस्कवर लिहिलेला डेटाच खराब होतो, ती गोष्ट वेगळी.

इशारा: तीन पार्टिशन म्हणजे तीन डिस्क नव्हेत. आतलं यंत्र एकच आहे. डिस्क पडली तर तिन्ही भाग एकदम जातात. एका पार्टिशनवरून दुसऱ्यावर केलेल्या कॉपीला बॅकअप म्हणता येत नाही.

## 4. पार्टिशन मॅकवर पाडा

सुरुवात मॅकवरून करायची, याला कारण आहे. विंडोजवर भाग पाडून मॅकला दिले तर मॅकच्या भागासाठी पुन्हा खटपट पडते. मॅकवर तिन्ही भाग पाडून त्यातले दोन विंडोजवर फक्त फॉरमॅट केले की काम सरळ होतं.

डिस्क मॅकला लावल्यावर तो विचारेल, ही डिस्क टाइम मशीनसाठी वापरू का? इथे नाही म्हणा. हो म्हटलं की मॅक अख्खी डिस्क बॅकअपसाठी घेऊ बघतो. माझ्या बहिणीचा घोळ याच प्रश्नावर झाला.

आता डिस्क युटिलिटी उघडा आणि वरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. ही पायरी वगळली की निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात. डावीकडे आता डिस्क कंपनीच्या नावाची वरची ओळ दिसेल आणि तिच्याखाली, थोडं आत सरकलेलं, पार्टिशनचं नाव. तुम्हाला वरची ओळ निवडायची आहे.

तपासणी: 'एक्स्टर्नल' शीर्षकाखालचीच ओळ निवडली आहे ना? आकार 2 टीबी दिसतोय ना? खात्री नसेल तर इजेक्ट करून डिस्क काढा आणि कोणती ओळ गायब होते ते बघा. तीच तुमची डिस्क.

मग 'इरेज' दाबा. फॉरमॅट 'मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड' आणि स्कीम 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' निवडा. स्कीमचा पर्याय दिसतच नसेल तर तुम्ही आतली ओळ निवडली आहे, मागे जा. 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडू नका, ती जुनी पद्धत आहे आणि 2 टीबीच्या वर तिचं चालत नाही. एक्सफॅटही आत्ता निवडू नका, त्याचे पुढे भाग पाडता येत नाहीत.

आता 'पार्टिशन' दाबा. पोळीसारखा गोल दिसेल. अधिकच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारून तीन तुकडे करा. मॅकने मध्येच 'ॲड व्हॉल्यूम' सुचवलं तर ते घेऊ नका. व्हॉल्यूम हा एपीएफएसच्या आतला कप्पा असतो, विंडोजला तो दिसणार नाही.

- पहिला तुकडा: 600 जीबी, मॅक ओएस एक्स्टेंडेड, तसाच राहू द्या.
- दुसरा: 800 जीबी, एक्सफॅट. हा तात्पुरता आहे, विंडोजवर बदलायचा.
- तिसरा: उरलेली जागा, एक्सफॅट.

नावं इंग्रजी अक्षरांत द्या, अकरा अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता. नाव असं असावं की बघताक्षणी कळावं: मॅक, विन, शेअर. 'अनटायटल्ड' आणि 'न्यू व्हॉल्यूम' या नावांनी किती नुकसान केलंय ते मला विचारा. पुसायचं बटण दाबताना माणसाला वाचायला फक्त ते नावच असतं.

'अप्लाय' दाबा आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत डिस्कला हात लावू नका. मग इजेक्ट करा.

## 5. विंडोजवर दोन भाग फॉरमॅट करा

डिस्क विंडोजला लावा. "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क" अशी खिडकी उघडली तर कॅन्सल दाबा. न वाचता येणारा मॅकचा भाग दिसला की विंडोज कधी कधी असं विचारतं. फॉरमॅट मारलात तर मॅकचा भाग गेला. ही खिडकी पुढेही येऊ शकते, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला आत्ताच सांगून ठेवा.

विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात डिस्क 0, डिस्क 1 अशा पट्ट्या दिसतील. साधारणपणे 0 ही लॅपटॉपची आतली असते, पण त्यावर विसंबू नका. आकार बघा, सुमारे 1863 जीबीची पट्टी आपली. तिच्यात सुरुवातीला 200 एमबीचा छोटा ईएफआय भाग दिसेल. तो मॅकने स्वतः बनवला आहे, त्याला हात लावू नका. पुढे नाव किंवा अक्षर नसलेला 559 जीबीच्या आसपासचा भाग दिसेल. तो मॅकचा, तोही सोडा.

745 जीबीच्या भागावर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एनटीएफएस, 'क्विक फॉरमॅट'ची खूण तशीच, ओके. मग शेवटच्या भागावर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. तो आधीच एक्सफॅट असताना पुन्हा का? मॅकने बनवलेला एक्सफॅट कधी कधी विंडोजला नीट पचत नाही. विंडोजने बनवलेला मात्र मॅकवर व्यवस्थित चालतो. 'अलोकेशन युनिट'ला डिफॉल्टच राहू द्या.

मेनूत फॉरमॅटच्या अगदी जवळ 'डिलीट व्हॉल्यूम' असतं. चुकून ते दाबलं गेलं तर पुढच्या प्रश्नाला 'नो' म्हणा.

तपासणी: विन आणि शेअर या दोन्ही भागांत एकेक छोटी फाइल टाका. इजेक्ट करून डिस्क मॅकला लावा. शेअरमधली फाइल मॅकवर उघडून बदलता आली पाहिजे, विनमधली फक्त वाचता आली पाहिजे. एवढं जमलं की मांडणी बरोबर. जमलं नाही तर आत्ताच पुन्हा चौथ्या टप्प्यापासून करा. डिस्क अजून रिकामीच आहे, काही बिघडलेलं नाही.

## 6. मॅकचा बॅकअप

सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, टाइम मशीन. (व्हेंच्युरा या मॅकओएस आवृत्तीच्या आधीच्या मॅकवर सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये.) 'ॲड बॅकअप डिस्क' दाबून यादीतून मॅक हा भाग निवडा. टाइम मशीन तो भाग आपल्या पद्धतीने पुन्हा पुसायची परवानगी मागेल. खिडकीतलं नाव मोठ्याने वाचा. मॅक असेल तरच हो म्हणा.

एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय बॅकअप वाचता येऊ नये अशी सोय, हवं का? डिस्क घराबाहेर फिरत असेल तर जरूर घ्या. फक्त तो पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर बॅकअप उघडायला दुसरा मार्ग नाही. पासवर्डची फाइल त्याच डिस्कवर ठेवलेलीही मी पाहिली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

'ऑप्शन्स'मध्ये जाऊन शेअर आणि विन हे दोन्ही भाग वगळलेल्या यादीत आहेत ना, बघा. मग पहिला बॅकअप चालू करा. तो पूर्ण व्हायला बरेच तास लागू शकतात. पोर्टेबल हार्ड डिस्क छोट्या छोट्या फाइली लिहिताना मंदावतात आणि एपीएफएसवर जास्तच. रात्री लावून ठेवा, लॅपटॉप चार्जरवर आणि झाकण उघडं.

पुढे टाइम मशीन शेवटच्या 24 तासांचे तासातासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं, आणि जागा भरली की सगळ्यात जुने आपोआप काढतं. म्हणून हा भाग भरलेला दिसला तर काळजी करू नका, आणि जागा करायला आतल्या फाइली हाताने खोडायच्या भानगडीत पडू नका.

## 7. विंडोजचा बॅकअप

इथे लोक नावामुळे फसतात. विंडोजमध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲप आहे. ते फाइली वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, नेतं, जिथे मोफत जागा 5 जीबी आहे. तुमच्या हार्ड डिस्कशी त्याचा संबंध नाही. "मी तर बॅकअप चालू केलाय" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हेच केलेलं असतं.

आपल्याला हवी ती 'फाइल हिस्ट्री'. विंडोज 11 मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्येच आहे, शोधपट्टीत नाव टाइप करा. 'सिलेक्ट ड्राइव्ह'मधून विन भाग निवडा. शेअर निवडू नका. मग 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जा. जुन्या आवृत्त्या 'फॉरएव्हर' ठेवायच्या असं तिथे मुळात असतं. ते बदलून 'अनटिल स्पेस इज नीडेड' करा, नाहीतर वर्षभरात भाग भरतो आणि बॅकअप थांबतो. दर तासाची प्रत राहू द्या. 'टर्न ऑन' दाबा.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा: फाइल हिस्ट्री फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशा ठरावीक फोल्डरांची प्रत घेते. आपल्याकडे महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवायची सवय आहे, "सी करप्ट झाला तरी डी वाचतो" म्हणून. तो डी फाइल हिस्ट्रीच्या हिशेबात येतच नाही. डी मधल्या फोल्डरवर राइट क्लिक करा, विंडोज 11 असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स', मग 'इन्क्लूड इन लायब्ररी' निवडून तो डॉक्युमेंट्समध्ये जोडा. पहिली फेरी झाली की विन भाग उघडून फाइल हिस्ट्रीच्या फोल्डरात डी मधलं सामान खरंच आलंय का ते डोळ्यांनी बघा.

डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर ढगाची खूण असलेल्या फाइली लॅपटॉपवर नसतात, त्यांची प्रत जात नाही. त्यांवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा.

दोन विंडोज मशीन याच भागावर बॅकअप घेणार असतील तर चालतं, फाइल हिस्ट्री युजर आणि कॉम्प्युटरच्या नावाने वेगळे फोल्डर करते. पण बाजारातून विंडोज टाकून आणलेल्या मशीनवर युजर 'ॲडमिन' आणि कॉम्प्युटर 'पीसी' अशी एकसारखीच नावं असतात. आधी कॉम्प्युटरची नावं वेगळी करा, मगच फाइल हिस्ट्री चालू करा.

फाइल हिस्ट्री विंडोज परत बसवून देत नाही, ती फक्त फाइली देते. त्यासाठी 16 जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर 'रिकव्हरी ड्राइव्ह' बनवून ठेवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा रिकामाच घ्या.

## 8. सामायिक भाग: इथे काय ठेवायचं नाही

शेअर हा फाइली इकडून तिकडे न्यायचा भाग आहे, साठवणीचा नाही. लॅपटॉप भरला की लोक फोटो शेअरमध्ये टाकतात आणि लॅपटॉपवरून खोडतात. त्या क्षणी ते फोटो फक्त या एका डिस्कवर उरतात, आणि हा भाग टाइम मशीनमध्येही जात नाही, फाइल हिस्ट्रीमध्येही नाही. शेअरमधली कोणतीही गोष्ट निदान एका कॉम्प्युटरवर असलीच पाहिजे, असा नियम घरात करा.

विंडोजवर शेअर उघडल्यावर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसल्या तर तो व्हायरस नाही. मॅक एक्सफॅटवर आपल्या नोंदी अशा वेगळ्या ठेवतो.

एक्सफॅटला अचानक डिस्क ओढलेली सहन होत नाही. लिहिताना डिस्क निघाली तर सावरायला लागणारी नोंदवही त्यात नसते, एनटीएफएस आणि एपीएफएसमध्ये ती सोय असते. म्हणून दर वेळी इजेक्ट. विंडोज "डिव्हाइस वापरात आहे" म्हणालं तर उघड्या फाइली आणि खिडक्या बंद करा, तरीही ऐकलं नाही तर लॅपटॉप शटडाउन करून मग केबल काढा.

आणि ओढलीच गेली, पुढच्या वेळी मॅकवर शेअर दिसेना, पण डिस्कचा दिवा लुकलुकतोय? तेव्हा थांबा. मॅक मागे तो भाग तपासत असतो आणि मोठ्या डिस्कला बराच वेळ लागू शकतो. घाबरून पुन्हा केबल ओढली की तपासणी परत पहिल्यापासून. तासाभरानेही आला नाही तर डिस्क विंडोजला लावा, भागावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक.

## 9. परत काढून बघा

ज्या बॅकअपमधून एकदाही फाइल परत काढलेली नाही, तो झाला असं मी धरत नाही.

विंडोजवर फाइल हिस्ट्रीतल्या 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स'मध्ये जा, डी ड्राइव्हवरची एक फाइल निवडा, हिरव्या बटणावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर टू' घ्या आणि ती डेस्कटॉपवर काढा. जुन्या जागी काढू नका, नाहीतर आत्ताच्या फाइलवर जुनी बसेल. मॅकवर फोल्डर उघडा, टाइम मशीनमध्ये शिरा, मागची तारीख निवडा आणि एक फाइल परत आणा. दोन्ही फाइली उघडा. मराठी मजकूर नीट दिसतोय, फोटो पूर्ण आहे, एवढं पुरे.

पहिल्या टप्प्यात दुसरीकडे ठेवलेला जुना डेटा आत्ता परत आणायचा, त्याआधी नाही. तो दोघांपैकी एका लॅपटॉपच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा पिक्चर्समध्ये गेला तर बॅकअपमध्ये आपोआप येईल. मागून आणलेली डिस्क निदान आठवडाभर पुसू नका.

## 10. रोजचा वापर

वार ठरवा. आमच्याकडे शनिवारी रात्री मॅक, रविवारी सकाळी विंडोज. बाकी दिवस डिस्क कपाटात, काढून. सतत लावलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर लॅपटॉपबरोबरच लॉक होते.

डिस्कवर छोटं लेबल चिकटवा: तिन्ही भागांची नावं, आणि खाली "फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल". पाहुणा कोणी पिक्चर घ्यायला डिस्क मागतो, त्याच्यासाठी हे लेबल आहे.

जमेल तेव्हा दुसरी स्वस्त डिस्क घ्या आणि दर तीन-चार महिन्यांनी फोटो आणि कागदपत्रं त्यावर कॉपी करून ती गावी किंवा बहिणीकडे ठेवा. आग, चोरी, घरात शिरलेलं पाणी यांपासून एकाच घरातल्या दोन डिस्क वाचत नाहीत.

## 11. चुकून फॉरमॅट मारलाच तर

पहिल्या मिनिटात तुम्ही काय करता त्यावर बरंच काही अवलंबून आहे. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटने फाइलींची यादी जाते, मजकूर बहुतेक जागेवरच असतो. तो जातो नवीन काही लिहिल्यावर. म्हणून:

1. चालू असलेला बॅकअप थांबवा आणि डिस्क काढा. "बघू तरी" म्हणून पुन्हा लावू नका, टाइम मशीन आपोआप लिहायला सुरुवात करतं.
2. डिस्कवर काहीही कॉपी करू नका. चेक डिस्कही चालवू नका.
3. रिकव्हरी सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवा, या डिस्कवर नाही. सापडलेल्या फाइलीही दुसऱ्याच डिस्कवर काढा.
4. टक-टक आवाज येत असेल तर सॉफ्टवेअरच्या नादी न लागता डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या आणि काम सुरू व्हायच्या आधी दर लेखी घ्या.
5. बाहेरची डिस्क हार्ड डिस्क नसून एसएसडी (चकतीऐवजी चिप असलेली) असेल तर आशा कमी ठेवा. पुसलेली जागा ती स्वतःहून साफ करू शकते.

बहिणीच्या डिस्कवर टाइम मशीन जेमतेम वीस मिनिटं चाललं होतं. फोटो बहुतेक निघाले. फोल्डरची नावं गेली, तारखा गेल्या, आणि ते परत लावायला ती अजून रोज रात्री तासभर बसते.